दाखल्यांचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी "शास्त्रीय लेखांची सायटेशन" असे सांगितले. पलीकडे जरा शांतता पसरली. मग अगदी आदबीने प्रश्न आला, "थोडे सोपे करून सांगाल ना?" तेव्हा सोपे करूनच सांगणार आहे. कारण हा विषय आता विद्यापीठाच्या भिंतीआड राहिलेला नाही, तो आपल्या घरात आला आहे.

बडोद्याच्या मराठी घरांत प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळेत काम करणारे लोक पहिल्यापासून पुष्कळ. आता त्यांची नातवंडे पीएच.डी. करतात, कुणी बंगळुरूला, कुणी जर्मनीत. गणपतीला घरी आली की मोठी माणसे पूर्वी विचारायची, "पेपर किती झाले?" हल्ली पुढचा प्रश्न येतो, "आणि सायटेशन किती?" दहावीचे टक्के विचारावेत तसे. या आकड्यावर नेमणूक होते, बढती अडते, अनुदान मिळते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत संस्थेचे गुण ठरतात, त्यातही हा आकडा धरतात. पोराबाळांचे भवितव्य ज्या आकड्याला टांगले आहे, तो कशाने वाढतो आणि कशाने वाढत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असायला हवे. माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे हा आकडा जन्मापासून मोठा होताना मी जवळून पाहिला आहे.

आधी शब्द समजून घेऊ. सायटेशन म्हणजे दाखला. कीर्तनकार निरूपण करताना तुकोबांचा, नाथांचा दाखला देतात, तसेच संशोधक आपल्या लेखात आधीच्या लेखांचे दाखले देतो. "हे मी अमक्याकडून घेतले, हे तमक्याने आधी दाखवले आहे," असे लेखाच्या शेवटी यादीने सांगतो. तुमच्या लेखाचा दाखला जगात जितक्या लेखांनी दिला, तितकी तुमची सायटेशन.

हे मोजायला सुरुवात कुणी केली? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे युजीन गारफील्ड यांनी. १९५५ साली त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ही कल्पना मांडली. ती त्यांना सुचली वकिलांच्या एका कोशावरून. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाचा कोश निघत असे. एखाद्या जुन्या निवाड्याचा पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधार घेतला गेला, तो कायम राहिला की फिरवला गेला, हे त्यात सापडे. गारफील्ड म्हणाले, विज्ञानातही असा कोश हवा. १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागला. एक गोष्ट लक्षात ठेवा. हा कोश निघाला तो वाचकाला उपयोगाचे लेख सापडावेत म्हणून. माणसांना तोलण्यासाठी तो तराजू पुढे झाला.

आता मुख्य प्रश्न. एका लेखाला हजार दाखले मिळतात आणि दुसऱ्याला चार, ते का?

पहिले कारण उपयोगाचे. आजवर सर्वाधिक दाखले मिळालेला लेख कोणता असेल? आइन्स्टाइनचा? डीएनएच्या दुहेरी गोफाचा? दोन्ही नाहीत. तो आहे ऑलिव्हर लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा लेख. एखाद्या द्रावणात प्रथिने किती आहेत हे मोजण्याची रीत त्यात दिली आहे. २०१४ मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक दाखल्यांच्या शंभर लेखांची यादी केली, तेव्हा या लेखाचे दाखले तीन लाखांच्या वर गेले होते. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएवरचा लेख त्या शंभरांत नव्हताच! लोरींना स्वतःलाही आपला तो लेख फार थोर वाटत नसे. पण जगभरच्या प्रयोगशाळांत रोज प्रथिने मोजावी लागतात आणि मोजणारा प्रत्येक जण रीत कुठून घेतली ते लिहितो. स्वयंपाकघरात रोज लागते ती पळी, पैठणी वर्षातून एकदाच निघते. म्हणून पळी पैठणीपेक्षा मोलाची ठरत नाही.

याच्या उलटही घडते. एखादा शोध इतका अंगवळणी पडतो की त्याचा दाखला द्यायचे कुणाला सुचतच नाही. मूलद्रव्यांची आवर्त सारणी वापरताना मेंडेलीव्हच्या मूळ लेखाचा हवाला आज कोण देतो? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले की सर्वांच्या ज्ञानात मिसळून जाणे हाही विस्मरणाचा एक प्रकार आहे.

दुसरे कारण विषयाचे. जीवशास्त्राच्या लेखाखाली दाखल्यांची लांबलचक यादी असते, गणिताच्या लेखाखाली मोजकी. जीवशास्त्रात माणसेही जास्त आणि लेखही जास्त. तिथे दाखल्यांचा पाऊस कोकणातला, गणितात माणदेशातला. दोन्हीकडची पिके एकाच मापाने मोजली तर गणितवाला कायम दुष्काळग्रस्तच दिसणार. घरात एक मूल गणितात आणि दुसरे औषधशास्त्रात असेल, तर त्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवू नका.

तिसरे कारण दिसण्याचे. लेख चांगला असून भागत नाही, तो कुणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. याचा एक फार सुंदर पुरावा आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय साप्ताहिकातल्या काही लेखांची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स' देत असे. अशा लेखांना त्यांच्या बरोबरीच्या इतर लेखांपेक्षा पहिल्याच वर्षी सुमारे ७३ टक्के अधिक दाखले मिळाल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. कुणी म्हणेल, वर्तमानपत्राने मुळात चांगलेच लेख निवडले असतील. पण १९७८ मध्ये त्या वर्तमानपत्रात बारा आठवडे संप होता. त्या काळात दप्तरी ठेवण्यापुरता अंक तयार होई, वाचकांपर्यंत जात नसे. संपादकांनी त्या अंकांसाठीही वैद्यकीय लेख निवडले होते. त्या लेखांना मात्र जास्तीचे दाखले मिळाले नाहीत! निवडणारे तेच होते, फक्त वाचणारे नव्हते. म्हणजे डॉक्टरसुद्धा सकाळच्या चहाबरोबर जे वाचतात, त्याचाच पुढे दाखला देतात.

याहून गमतीची गोष्ट खगोलशास्त्राची. त्या शास्त्राचे नवे लेख 'आर्काइव्ह' नावाच्या संगणकीय संग्रहात रोज यादीने लागतात. या यादीत सर्वांत वर लागलेल्या लेखांना पुढे अधिक दाखले मिळतात, असे दिसून आले आहे. काही लोक वरची जागा साधण्यासाठी घड्याळ लावून लेख पाठवतात, हे खरे. पण तो भाग वेगळा काढला तरी नुसत्या वरच्या जागेचा फायदा उरतोच. २०१५ मध्ये एक लाख चाळीस हजार लेख तपासून असेही दाखवण्यात आले की छोट्या शीर्षकाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांना दर लेखामागे अधिक दाखले मिळतात. आपल्याकडे म्हणतातच, बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

मग लेख सर्वांना फुकट वाचायला ठेवला की दाखले वाढतील का? इथे जरा सबुरीने घ्यावे लागते. २००८ मध्ये एका अभ्यासात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही लेख निवडून ते मोफत खुले केले. ते वाचले गेले जास्त, पण पहिल्या वर्षात त्यांना दाखले मात्र जास्त मिळाले नाहीत. कारण दाखला देणारे बहुतेक लोक मोठ्या ग्रंथालयांचे सभासद असतात, त्यांना तो लेख तसाही मिळाला असता. तरीही लेख खुला ठेवावाच. लहान गावातल्या शिक्षकाला, डॉक्टरला तो वाचता येतो. त्याची मोजणी होत नाही, एवढेच.

चौथे कारण नावाचे. मर्टन यांनी १९६८ मध्ये याला 'मॅथ्यू परिणाम' म्हटले. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळते, या बायबलमधल्या वचनावरून ते नाव आले. एकच गोष्ट नामवंताने आणि नवख्याने सांगितली, तर दाखला नामवंताला मिळतो. एका लेखाला दहा दाखले मिळाले की अकरावा सोपा होतो, कारण आधीच्या दहांच्या याद्यांत तो दिसतो. आपण तरी दुसरे काय करतो? ज्या खानावळीपुढे रांग, तिच्यातच जेवायला जातो.

या मॅथ्यू परिणामाच्या लेखाचीच कथा ऐका. त्यातली बरीचशी सामग्री हॅरिएट झुकरमन या संशोधक बाईंनी नोबेल मानकऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतली होती. लेखावर नाव एकट्या मर्टन यांचे. तो लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता, असे पुढे मर्टन यांनी स्वतःच लिहून ठेवले. पण दाखले आजही 'मर्टन, १९६८' असेच दिले जातात. मुख्य लेखिका बाई असेल तर त्या लेखाला सरासरीने कमी दाखले मिळतात, असे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जगभरच्या पाहणीतही दिसले. घरातल्या लेकीसुनांचे आकडे पाहताना हे ध्यानात असू द्या.

आता ज्या उदाहरणासाठी मी आज उभी आहे, तिकडे येते. नाव आपल्या परिचयाचे आहे, दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे वडील धर्मानंद यांना आपल्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती दिली होती. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहा आणि दरवर्षी एक पुस्तक लिहून द्या, एवढीच अट होती. मुलगा दामोदर १९०७ साली गोव्यात जन्मला, हार्वर्डला शिकला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पोटापाण्याचा आणि प्रेमाचा विषय गणित.

कोसंबींनी फर्ग्युसनमध्ये असताना एका वर्षाच्या अंतराने दोन लेख प्रसिद्ध केले. १९४४ चा लेख आनुवंशिकीवरचा. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे पुढच्या पिढीत ती किती वेळा ताटातूट होऊन येतात यावरून काढतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ताटातूट दिसतच नाही आणि हिशेब चुकतो. शिवाय एके ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हे सारे धरून कोसंबींनी एक सुटसुटीत सूत्र दिले. हा लेख इंग्लंडमधून निघणाऱ्या 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आला. ते नियतकालिक वाचणाऱ्यांना नेमके तेच सूत्र हवे होते. आज भात, गहू, टोमॅटो यांच्या जनुकांचे नकाशे करणारे संशोधक 'कोसंबी फंक्शन' वापरतात. त्यांतल्या कित्येकांना कोसंबी हे इतिहासकारही होते, याची कल्पनाही नसेल.

त्याच्या आदल्या वर्षीचा, १९४३ चा लेख शुद्ध गणिताच्या अंगाने जाणारा. सतत कमीअधिक होत राहणाऱ्या गोष्टी, समजा आवाजाची लहर किंवा हवामानाचा आलेख, थोड्या मूळ आकारांत उलगडून कशा मांडाव्यात, याची कल्पना त्यात होती. तो आला 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये. दिवस महायुद्धाचे. युरोपातल्या गणितज्ञांच्या हाती तो किती पडला असेल, याची कल्पना करा. त्यानंतरच्या पाच वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव हे दोघे स्वतंत्रपणे त्याच जागी पोहोचले आणि त्यांनी पुरी मांडणी केली. चित्रांपासून हवामानापर्यंत शेकडो कामांत वापरली जाणारी ही रीत जगात 'कारहुनेन–लोएव' या नावाने रूढ झाली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. आता कुठे काही जण 'कोसंबी–कारहुनेन–लोएव' असे तिहेरी नाव लिहू लागले आहेत.

माणूस एक, गाव एक, डोके एक, आणि मध्ये वर्षभराचे अंतर. एका लेखाने नाव जगभर गेले, दुसऱ्याने नाव गमावले. लेखांच्या गुणवत्तेने हा फरक पडला, असे कुणी म्हणू शकेल का? माझ्या मते फरक पडला तो वाचकांपर्यंत पोहोचण्याने.

असेच कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे. पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषानेच जुलाब होतात, हे त्यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. लेख 'नेचर'सारख्या बड्या ठिकाणी आला, तरी काही वर्षे तो जवळजवळ पडूनच होता. पुढे पटकीच्या संशोधनाने वेग घेतला, तेव्हा सारे त्या लेखाकडे वळले. १९७८ मध्ये डे यांना स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे बोलावणे आले. ज्यांनी मोजणी सुरू केली त्या गारफील्ड यांनीच १९८६ मध्ये डे यांच्या कामावर लेख लिहिला. पण डे १९८५ मध्येच गेले होते.

भाषेचाही विचार करा. गोविंद सखाराम सरदेसाई आपल्या बडोद्यात महाराजांच्या नोकरीत होते, इथेच त्यांनी 'मराठी रियासत' लिहायला घेतली. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला ती टाळून पुढे जाता येत नाही. पण सायटेशनचे मोठे कोश मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर उभे आहेत. मराठी पुस्तकाने मराठी पुस्तकाला दिलेला दाखला त्यांच्या मोजणीत बहुधा येतच नाही. म्हणून काय रियासतकारांचे काम शून्य?

आणि दाखला म्हणजे नेहमी शाबासकी नव्हे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तो सदोष आणि अप्रामाणिक ठरला, २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याचे दाखले हजाराच्या वर आहेत आणि त्यांतले बहुतेक 'हे चूक होते' असे सांगणारे आहेत. मोजणाऱ्या यंत्राला मात्र स्तुती आणि निंदा सारखीच.

आकड्यावर पोट अवलंबून राहिले की आकडा कमावण्याचे धंदे सुरू होतात. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच इंडेक्स' काढला. तुमच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा दाखले असतील, तर तुमचा एच दहा. सोपा आकडा, म्हणून सर्वांना आवडला. मग कुणी स्वतःच स्वतःचे दाखले देऊ लागले, कुणी 'तू माझा दे, मी तुझा देतो' असा व्यवहार मांडला, कुणी पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके काढली. पीएच.डी. करणाऱ्या मुलाने घरी येऊन "अमुक इतके रुपये भरले की आठवड्यात पेपर छापून येतो" असे सांगितले, तर खिशात हात घालण्याआधी दोन प्रश्न विचारा. तो कोण तपासणार आहे? आणि तुझे मार्गदर्शक हे नियतकालिक स्वतः वाचतात का?

या सगळ्यावरून सायटेशन निरुपयोगी, असे मात्र मी म्हणत नाही. कल्पना कुठून निघाली आणि कुठवर गेली, हे शोधायला त्यासारखे साधन नाही. माझे म्हणणे इतकेच की त्यावरून लेख किती दिसला आणि किती उपयोगी पडला हे कळते. तो किती खरा, किती खोल, हे कळण्यासाठी तो वाचावा लागतो. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-संशोधकांनी हेच जाहीरपणे मांडले. लेख कुठे छापला यावरून माणूस तोलू नका, त्याचे काम पाहा, असे त्यांचे सांगणे होते.

तरुण मंडळींना चार गोष्टी सांगते. लेख तुमचे वाचक जिथे आहेत तिथे पाठवा, कोसंबींच्या दोन लेखांचा हा धडा आहे. शीर्षक आणि सारांश नीटस लिहा, तो वाचकाचा मान आहे. परवानगी असेल तिथे लेखाची प्रत सर्वांसाठी खुली ठेवा. आणि चौथी गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातातली. दाखला देताना नामवंताच्या नावावर थांबू नका. ते आधी कुणी सांगितले होते, लहान नियतकालिकात, लहान गावातून, ते शोधा आणि त्याचे नाव लिहा. आपल्याला मिळणारे दाखले आपल्या हाती नसतात, आपण देतो ते असतात.

घरच्या मोठ्यांना एकच विनंती. उद्या मुले आरतीला येतील तेव्हा सायटेशन किती, असे विचारू नका. "तू नेमके काय शोधलेस, मला समजेल असे सांग," असे म्हणा आणि शेवटपर्यंत ऐका. दोन वर्षे चार लोकांनीही न वाचलेल्या कामाबद्दल कुणीतरी खुर्ची ओढून विचारते आहे, याने त्या मुलाला किती बळ येते, हे मी ग्रंथालयाच्या टेबलामागून पुष्कळदा पाहिले आहे.

प्रसाद तयार आहे असे कार्यकर्ते खुणेने सांगताहेत, तेव्हा थांबते. कुणाला काही विचारायचे असेल तर मी इथेच आहे. गणपती बाप्पा मोरया!